उतरतानाचे काटे

मी काय काम करते हे लोकांना समजावून सांगणं म्हणजे डोकेदुखी आहे. बँकेतल्या बाईला सांगितलं, विमानातल्या काट्यांचे व्हिडिओ बनवते, तर ती म्हणाली, "म्हणजे घड्याळं दुरुस्त करता?" मी हो म्हणून टाकलं. किती डोकं लावणार?

तर ते आधी सांगून मोकळी होते. हल्ली शिकाऊ विमानातसुद्धा एक छोटं कार्ड असतं, मोबाईलमध्ये घालतो तसलं. विमान उडालं की ते दर सेकंदाला लिहून घेतं: वेग किती, उंची किती, नाक वर की खाली, पंख कुठल्या बाजूला कलले. कार्ड उघडलं की नुसते आकडे, रकान्यांच्या खाली रकाने, बघून झोप यावी. ते आकडे मी संगणकात घालते आणि त्यांचे डायल बनवते. वेगाचा काटा, उंचीचा काटा, आणि अर्धं निळं आकाश अर्धी तपकिरी जमीन असं गोल क्षितिज. काळ्या पडद्यावर ते काटे त्या दिवशी फिरले तसे पुन्हा फिरतात. शिकणारी मुलं त्यात आपल्या चुका शोधतात आणि त्यांचे आईबाप तोच व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात.

मूळची मी लग्नाच्या व्हिडिओतली. दिंडोरी रोडला फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर माझी खोली आहे. खाली दिवसभर ब्लोअर चालू करून बघतात. द्राक्षाचा हंगाम आला की इतका आवाज, की सनई आणि ब्लोअर यात मला फरक कळेना. एका लग्नातल्या नवरदेवाचा भाऊ वैमानिक होत होता. त्याने हौस म्हणून आपल्या उड्डाणाचे आकडे आणले आणि म्हणाला, जमेल का बघा. जमलं. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मला बरंच वाटलं. काट्यांना आवाज नसतो, ते लाजत नाहीत, आणि माझी आत्या का दिसत नाही म्हणून त्यांच्यातलं कोणी फोन करत नाही.

आईबापांचे प्रश्न मात्र ठरलेले. "विमान जमिनीवर उभं आहे आणि उंची दोन हजार फूट कशी?" "उंची समुद्रापासून मोजतात, आणि नाशिक समुद्रात नाही म्हणून." "एवढ्या पहाटे उडवतात?" "पहाटे नाही हो, विमानातलं घड्याळ लंडनच्या वेळेवर असतं." मग ते मान डोलावतात, म्हणजे काही कळलेलं नसतं.

ही मुलगी आली ती थंडीतल्या एका दुपारी. विशीतली, सटाण्याची, केस घट्ट मागे बांधलेले. कार्ड आणलं होतं केसांच्या पिनांच्या डबीत. खुर्चीवर टोकाला बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही काट्यांचे व्हिडिओ करता ना?"

"मॅडम म्हण," मी म्हटलं. "काकू म्हटलं की लोक चहा मागतात."

ती हसली नाही. मग मीच चहा सांगितला.

तिची गोष्ट अशी. सटाण्याच्या बाजूच्या एका उड्डाणशाळेत ती शिकत होती. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही. काही दिवसांपूर्वी उतरताना तिचं विमान धावपट्टीवर जोरात आपटलं. माणसांना काही झालं नाही, पुढच्या चाकाचं मात्र काम निघालं. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने शेरा लिहिला, की जमीन समोर येत असताना विद्यार्थिनी नुसती बसून राहिली. आणि हा तिचा दुसरा वाईट शेरा. तिसरा त्या शाळेत नसतोच, दुसऱ्यालाच घरी. सोमवारी मुख्य प्रशिक्षकांसमोर बैठक होती. तिथे शेरा टिकला तर तिचं उडणं संपलं.

"आणि तू खरंच बसून राहिलीस?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "कारण विमान माझ्याकडे नव्हतंच. सरांनी घेतलं होतं. आता म्हणतात, मी घेतलंच नव्हतं."

विमानात दोघांपुढे चालवायचे सारखेच दांडे असतात, पण एका वेळी एकानेच चालवायचं. दुसऱ्याने घेताना इंग्रजीत तसं स्पष्ट म्हणायचं, पहिल्याने तेच परत म्हणून दाखवायचं आणि हात काढायचे. हा साधा नियम, पहिल्या दिवशी शिकवतात. मी तिला विचारलं, सरांनी तसं म्हटलं होतं का? ती म्हणाली, आम्ही दोघं मराठी, आमचं आत मराठीतच चालायचं. सर निफाडकडचे. खूप चांगले आहेत हो, असं ती दोनदा म्हणाली.

मला त्या सरांचा असला राग आला! लेकराचं वाटोळं करून वर शेरे लिहितोय. पण मी काही बोलले नाही. माझं काम काटे फिरवायचं. भांडणं मी लग्नातच पोटभर बघितलीत.

संध्याकाळी व्हिडिओ तयार झाला. उतरणं दिसायला सुंदर होतं. काटे लोण्यातून फिरावेत तसे फिरले, उंची अलगद कमी होत गेली आणि शेवटी सगळं एकदम उसळलं. मुलीने तो दोनदा बघितला आणि म्हणाली, "हे एवढं गुळगुळीत नव्हतं. त्या दिवशी वारा होता. मी सारखी सावरत होते."

बरोबर होतं तिचं. कार्ड सेकंदाला एकदाच लिहितं. दोन नोंदींच्या मधलं संगणक आपल्या मनाने भरतो, आणि माझ्याकडची सोय अशी आहे की बारीकसारीक हेलकावे तो पुसूनही टाकतो. आईबापांना तेच आवडतं. मी ती सोय बंद केली आणि व्हिडिओ पुन्हा काढला.

आता काटे जिवंत झाले. क्षितिज इकडे कललं की लगेच तिकडे, नाक जरा खाली गेलं की वर. माणूस चालवत असला की हे असंच दिसतं. कितीही मुरलेला वैमानिक असो, वाऱ्यात त्याचा हात गप्प बसत नाही. शेकड्यांनी व्हिडिओ केल्यावर ती थरथर ओळखू यायला लागते. आणि मग, जमीन थोडी दूर असताना, ती थरथर थांबली. पंख एका बाजूला कलले आणि कललेलेच राहिले. वेग हळूहळू कमी होत गेला, नाक होतं तिथेच. सात-आठ सेकंद काटे निवांत वाहत चालले होते. मग आपटलं.

"बघा," ती म्हणाली, "इथून सरांकडे."

"नाही गं," मी म्हटलं. "सरांकडे असतं तरी हलले असते. हे कोणाकडेच नाहीये."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती पांढरीफटक पडली. सरांनी घेतलं होतं हे दाखवायला ती आली होती. दिसलं भलतंच: विमान खाली येत होतं आणि आत दोन माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. यात तिची सुटका कुठे होती? उलट शेऱ्यात लिहिलेलं खरं ठरत होतं, ती बसून राहिली होती.

मग ती म्हणाली, "काकू, तो पहिलावाला द्या ना. गुळगुळीत. त्यात हे कळत नाही."

"देते की. तुझे आकडे, तुझा व्हिडिओ."

"मग दोन्ही द्या. आणि तुम्ही पण चला. ते विचारतील हे कसं केलं, मला सांगता नाही येणार."

मी म्हटलं, मला काय धंदे नाहीत का. सोमवारी सकाळी मात्र लॅपटॉप घेऊन मीच गाडी काढली. ती शाळेच्या फाटकाशी उभी होती, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. सटाण्याहून भावाने आणून सोडलं होतं. आत जाता जाता मी विचारलं, "कुठला लावू?"

तिने चपला काढाव्यात तसे बूट दाराबाहेर काढायला घेतले, मग भानावर येऊन पुन्हा घातले. "खडबडीत लावा," ती म्हणाली. "खोटं दाखवून उडायचं तर रोजच भीती वाटेल."

खोली लहान. टेबलावर मुख्य प्रशिक्षकांच्या फायली, नकाशे, कोणाची तरी टोपी. हे साहेब दक्षिणेकडचे, मराठीचा गंध नाही. बाजूला ते निफाडकडचे सर. मी मनात काय चित्र रंगवलं होतं आणि निघाला काय! टक्कल पडलेला, डोळ्यांखाली काळं, रात्री झोपलेला नसावा असा माणूस. मला बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या ताई, बसा." माझा राग आणखी वाढला. चांगुलपणा करणाऱ्यांवर रागावणं फार अवघड जातं.

लॅपटॉप ठेवायला टेबलावर जागा नव्हती आणि खिडकीचा उजेड पडद्यावर येत होता. म्हणून मुलीने तो दोन्ही हातांत धरून साहेबांकडे वळवला. मी शेजारून बोटाने दाखवत गेले: इथपर्यंत हात आहे, इथून पुढे नाही. माझं इंग्रजी बेताचं, पण साहेबांना लगेच कळलं. त्यांनी तो तुकडा परत लावायला सांगितला. मग सरांकडे बघून विचारलं, या वेळी विमान कोणाकडे होतं?

"तिच्याकडे," सर म्हणाले.

"सरांकडे," मुलगी म्हणाली.

साहेबांनी तिला विचारलं, सुरुवातीपासून सांग, काय बोलणं झालं. ती इंग्रजीत सांगू लागली. उतरायच्या आधी रेडिओवर कळवावं लागतं, ते ती कळवत होती, पण त्यातला एक शब्द चुकला. म्हणून पुन्हा बोलायला घेतलं, पुन्हा चुकला. आताही सांगताना ती तिथेच अडखळली. तोच शब्द. दोनदा, तीनदा सुरुवात करत राहिली, कान लाल झाले. लॅपटॉप हातात तसाच.

बघवेना म्हणून असेल, सर एकदम हळू आवाजात म्हणाले, "सोड."

"हो सर," ती म्हणाली, आणि तिने दोन्ही हात सोडले.

"अगं बाई!" मी ओरडले. लॅपटॉप टेबलाच्या कडेवर आपटून खाली चालला होता, तो मी मांडीवर कसाबसा झेलला. माझी सगळी कमाई त्या डब्यात. मी चांगली झापणार होते तिला, पण वर बघितलं तर खोलीत कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

मुलगी आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होती आणि सर तिच्याकडे.

"मी... ते बोलायचं सोड म्हटलं," सर म्हणाले. "तो शब्द जाऊ दे, असं."

"त्या दिवशी पण?" मुलीने विचारलं.

सरांनी माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघितलं.

"सर, त्या दिवशी पण सोड म्हणालात ते रेडिओचंच?"

"रेडिओचंच गं. तू घाबरली होतीस. म्हटलं रेडिओ गेला खड्ड्यात, तू विमान बघ."

साहेब विचारत होते, काय झालं, काय बोलताय? दोघांपैकी कोणी सांगण्याच्या अवस्थेत नव्हतं. मग मीच माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. एकच शब्द आहे, साहेब. त्याचा अर्थ हातातलं सोडून दे असाही होतो, आणि जाऊ दे, मनावर घेऊ नकोस, असाही होतो. साहेबांनी विचारलं, मग यांनी त्यातला कुठला म्हटला?

"यांनी एक म्हटला," मी म्हणाले, "हिने दुसरा ऐकला."

"आणि ती हो सर म्हणाली ना," सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मला वाटलं, कळलं तिला. मी वाट बघत बसलो. आता दांडा ओढेल, आता ओढेल. मुद्दाम हात लावला नाय मी. तिचं तिला उतरवू दे म्हटलं, चांगलं चाललं होतं तिचं."

"मी पण वाट बघत होते," मुलगी म्हणाली. "मला वाटलं, सर ओढतील. तुम्ही आहात म्हटल्यावर मी खाली बघितलंसुद्धा नाही."

इतका वेळ मी त्या सात-आठ सेकंदांत कोणाची चूक ते शोधत होते. आणि तिथे दोन माणसं एकमेकांवर पूर्ण विसंबून जमिनीकडे चालली होती. त्यांचा जीव जायचा तो एवढ्यासाठी.

साहेबांनी फार बोलणं केलं नाही. त्यांनी फाईल ओढली आणि तो शेरा आडवी रेघ मारून खोडला, खाली सही केली. म्हणाले, मुलगी शिकत राहील. विमानात घेणं-देणं फक्त ठरलेल्या इंग्रजी शब्दांत, आणि समोरच्याने ते परत म्हटल्याशिवाय कोणी हात काढायचा नाही. उद्यापासून पुन्हा सुरू करा.

मी तिच्या पाठीवर थाप मारली. जिंकलीस की गं! तिचा चेहरा असा उजळला की मलाच रडू येईल असं वाटलं. ती सरांकडे वळली आणि म्हणाली, "सर, उद्या किती वाजता येऊ?"

सर खिडकीशी उभे होते. बाहेर तेच विमान उभं होतं, पुढच्या चाकाशी कोणीतरी वाकून काम करत होतं.

"उद्या दुसरे सर येतील तुझ्याबरोबर," ते म्हणाले.

"का सर? शेरा गेला ना. माझा राग नाही तुमच्यावर. खरंच नाही."

"माहीत हाय मला."

"मग?"

त्यांनी आपले हात शर्टाला पुसले. "आता मी तुझ्या शेजारी बसलो ना, तर दांड्यावरचा हात काढणार नाय. एक मिनिट काढणार नाय. आणि माझा हात तिथं असला तर तू उडायला कधी शिकायचीस?"

ती बोलायला गेली, पण त्यांनी मान हलवून थांबवलं. टोपी उचलली, मला "येतो ताई" म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या पावलांचा आवाज बंद होईपर्यंत ती ताठ उभी होती. मग टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, घरी पाठवलं असतं तरी रडली नसती इतकी.